एक गाणं कमी पडलं तेव्हा : 'स्मोक ऑन द वॉटर'चं प्रकरण

गिटारच्या क्लासला जाणारं पोरगं पहिल्या महिन्यात घरच्यांना पिडायला जी सुरावट वाजवतं, ती बहुधा डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची असते. पुढे गिटार सुटते, नोकरी लागते, पण तेवढे बारा सूर बोटांत राहतात. त्यामागची गोष्टही बऱ्याच जणांना ठाऊक असते: स्वित्झर्लंडमध्ये कसिनो जळला, तळ्यावर धूर पसरला, बँडने तो पाहिला आणि गाणं झालं.

गोष्ट खरी आहे, पण ऐकताना वाटतं तो तिचा क्रम नव्हे. सुरावट टेपवर उतरली तेव्हा तिला शब्दच नव्हते. नाव सुचलं तेव्हा ते कशाला द्यायचं हे ठरलेलं नव्हतं. आणि शब्द लिहिले गेले, कारण एलपी, म्हणजे अल्बमची मोठी तबकडी, भरत नव्हती. आगीला या गाण्याची आई मानायची पद्धत आहे. मी तारखा आणि जागा एकापुढे एक लावून पाहतो तेव्हा आगीचा वाटा मला निम्म्याहून कमी दिसतो.

ठरलं काय होतं

१९७१ च्या अखेरीस डीप पर्पल म्हणजे गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेसवर रॉजर ग्लव्हर आणि ड्रम्सवर इयन पेस. पाचही ब्रिटिश. १९७० च्या 'इन रॉक'ने त्यांना नाव मिळवून दिलं होतं. १९७१ चा 'फायरबॉल' मात्र दौऱ्यांच्या मधल्या फटींत तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झाला, आणि त्यावर ते स्वतःच फारसे खूश नव्हते. स्टेजवर जो आवाज निघतो तो स्टुडिओच्या गादी लावलेल्या खोलीत मरतो, ही त्यांची तक्रार होती. मग ठरलं की स्टुडिओलाच सभागृहाकडे न्यायचं. शिवाय इंग्लंडबाहेर रेकॉर्डिंग केलं की कराचा बोजाही हलका व्हायचा. कलेच्या इतिहासात हे कारण कुणी मोठ्याने सांगत नाही, पण त्या काळातल्या बऱ्याच इंग्रज बँडच्या परदेशवारीमागे ते आहे.

स्टुडिओ नेण्यासाठी ट्रक होता. रोलिंग स्टोन्स या बँडने एका ट्रकमध्ये अख्खी कंट्रोल रूम बसवून घेतली होती आणि ती ते भाड्याने देत. बाहेर ट्रक उभा करायचा, वायरी आत सोडायच्या, जिथे वाजवाल तिथे स्टुडिओ. लेड झेपलिन या बँडने त्याच वर्षी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात याच ट्रकवर काम केलं होतं.

जागा ठरली माँत्रोची, जिनिव्हा सरोवराच्या काठची. तिथला कसिनो हा नुसता जुगाराचा अड्डा नव्हता. आत मोठं सभागृह होतं आणि क्लोद नोब्स नावाचा उत्साही माणूस तिथे कार्यक्रम घडवून आणायचा. नोब्स मूळचा गावच्या पर्यटन कार्यालयातला. १९६७ मध्ये त्याने दोन साथीदारांबरोबर माँत्रो जॅझ महोत्सव सुरू केला होता. हिवाळ्यात कसिनो बंद होई. ४ डिसेंबरला अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा आणि त्याच्या 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' या बँडचा कार्यक्रम हा मोसमातला शेवटचा. तो झाला की इमारत रिकामी, आणि मग ती डीप पर्पलची.

आधीच उशीर झाला होता. शरद ऋतूत अमेरिकेच्या दौऱ्यावर गिलनला कावीळ झाली, दौरा गुंडाळावा लागला, रेकॉर्डिंग डिसेंबरवर गेलं. बँड माँत्रोला पोचला तो ३ डिसेंबरला. (त्याच संध्याकाळी आपल्याकडे पाकिस्तानी विमानांनी हल्ला केला आणि बांगलादेशचं युद्ध सुरू झालं. मुंबईत दिव्यांना काळे कागद लागले होते. स्वित्झर्लंडमधल्या कसिनोची बातमी इथे कुणाच्या डोळ्यांत भरण्याचं कारण नव्हतं.)

शनिवारची दुपार

झॅपाचा कार्यक्रम दुपारचा होता. डीप पर्पलची मंडळी पाहुणे म्हणून प्रेक्षकांत बसली होती. 'किंग काँग' नावाच्या लांबलचक रचनेत डॉन प्रेस्टनचा सिंथेसायझर चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन झाडली. जहाजावर संकटाची खूण म्हणून आकाशात सोडतात ती. छताला वेताचं आच्छादन होतं. वाळका वेत आणि फ्लेअर. पुढचं सांगायला नको.

पहिली काही मिनिटं फार कुणी घाबरलं नाही. झॅपाने माइकवरून लोकांना शांतपणे बाहेर जायला सांगितलं. प्रेक्षकांतल्या कुणीतरी चोरून केलेलं त्या दुपारचं ध्वनिमुद्रण पुढे अधिकृतपणे निघालं, त्यात तो प्रसंग ऐकू येतो. नोब्स आतबाहेर धावत अडकलेल्या पोरांना बाहेर काढत होता. हजारो माणसं आत होती आणि एकही मेलं नाही. ही गोष्ट गाण्याच्या दंतकथेत नेहमी मागे पडते. झॅपाची सगळी वाद्यं मात्र जळाली. त्याचं दुर्दैव तिथेच थांबलं नाही: १० डिसेंबरला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला स्टेजवरून ढकललं, तो खाली वादकांसाठीच्या खड्ड्यात पडला आणि पुढचे कित्येक महिने चाकाच्या खुर्चीत काढले.

संध्याकाळपर्यंत कसिनो पुरता पेटला होता. डोंगराकडून येणारा वारा धूर तळ्यावर ढकलत होता. डीप पर्पलची मंडळी हॉटेलच्या खिडकीतून बघत बसली. ज्या इमारतीत त्यांना उद्यापासून काम करायचं होतं, तीच इमारत.

यानंतर एक-दोन दिवसांत ग्लव्हर सकाळी झोपेतून जागा होत असताना त्याच्या तोंडून चार शब्द निघाले: स्मोक ऑन द वॉटर. त्याने ते गिलनला सांगितले. गिलनचं म्हणणं पडलं की हे नशेच्या गाण्याचं नाव वाटतं. डीप पर्पल दारू पिणारा बँड होता, गांजाची गाणी म्हणणारा नव्हे. विषय तिथेच थांबला.

पॅव्हिलियनमधली रात्र

बँड होता, ट्रक शाबूत होता, जागा नव्हती. नोब्सने गावातलंच पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळवून दिलं. स्वतःचा कसिनो नुकताच जळलेला असताना हा माणूस दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी जागा शोधत फिरत होता.

पॅव्हिलियनमध्ये ब्लॅकमोरने एक सुरावट काढली आणि बँडने तिच्यावर बॅकिंग ट्रॅक, म्हणजे गाण्यामागचं वाद्यांचं मुद्रण, उभा केला. टेपवर कामचलाऊ नाव पडलं 'टायटल नंबर वन'. आगीशी, धुराशी, तळ्याशी तिचा काहीही संबंध नव्हता. ती नुसती सुरावट होती.

पेटीवर बसून ती वाजवून बघा. पांढरी पाच सा धरा. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. पुन्हा सा, कोमल ग, म. मग कोमल ग, सा. झालं. मधल्या ओळीत तीव्र मध्यमाला हात लावून लगेच शुद्ध मध्यमावर उतरणं, दोन्ही मध्यम शेजारी शेजारी ठेवणं, हा तिच्यातला एकमेव डाव आहे. ललित ऐकलेल्या कानाला दोन मध्यमांची ही जवळीक परकी वाटायची नाही, बाकी ललितशी तिचं काही नातं नसलं तरी. तो तीव्र मध्यम काढून टाका, सुरावट एकदम बालवाडीची होते.

ब्लॅकमोर हे सूर एकेकटे वाजवत नाही. प्रत्येक सुराखाली चार स्वर उतरून दुसरा सूर तो एकाच वेळी छेडतो: सा खाली मंद्र पंचम, कोमल गंधाराखाली मंद्र कोमल निषाद, शुद्ध मध्यमाखाली सा. पहिलीच जोडी मंद्र प आणि सा, म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा. तो नखीने न ओढता दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलतो, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी फुटतात. नखीने वाजवलं की एक सूर किंचित आधी येतो आणि तोल जातो. क्लासमधली पोरं इथेच चुकतात. शिवाय अँप्लिफायर भरकटून फाटका आवाज देत असताना गंधारासारख्या जवळच्या सुरांच्या जोड्या चिखल होतात. सा-मसारखं साधं अंतर मात्र फाटक्या आवाजातही स्पष्ट उभं राहतं. तीच सुरावट जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गनवर दुणावतो, तोही ऑर्गनचा आवाज गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढून. ऐकणाऱ्याला ते एकच राक्षसी वाद्य वाटतं. गिटार किती आणि ऑर्गन किती हे वेगळं काढणं अवघड आहे.

सुरुवात कशी बांधली आहे तेही पाहण्यासारखं. आधी गिटार एकटी. मग पेसचं हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली झांजांची जोडी, बारीक टिकटिकत येतं. मग बाकीचे एकेक करून आत. गायक येईपर्यंत जवळजवळ मिनिट जातं. कुणी घाई केलेली नाही.

तिकडे बाहेर घाई होती. रात्री उशिरापर्यंत एवढा आवाज, आणि गाव शांत स्विस. शेजाऱ्यांनी तक्रार केली, पोलीस आले. आत चांगला टेक (एका दमातलं मुद्रण) चालू होता, आणि बँडची सामान लावणारी पोरं दार आतून रेटून धरून उभी राहिली. टेक पुरा झाला, मग दार उघडलं. पॅव्हिलियन गेलं. हातात राहिला एक ट्रॅक, शब्द नसलेला.

त्या रात्री पोलिसांनी दार पाच मिनिटं आधी उघडलं असतं तर काय झालं असतं, यावर मी फार वेळ घालवणार नाही. ब्लॅकमोरला सुरावट पाठ होती, ती दुसरीकडे वाजली असती. पण त्याच ओघात, त्याच मोकळ्या सभागृहाच्या घुमाऱ्यासकट नक्कीच नव्हे.

हॉटेलातला बोळ

पुन्हा शोधाशोध. शेवटी मिळालं गावाच्या टोकाचं ग्रँड हॉटेल, हिवाळ्यासाठी बंद केलेलं, थंडगार. तळमजल्यावरचा बोळ गाद्या लावून अडवला, गरम हवेची मोठी यंत्रं आणली, आणि त्या बोळात पाच जणांनी वाद्यं मांडली. ट्रक बाहेर. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च ट्रकमध्ये.

अडचण अशी झाली की वाजवलेलं ऐकायचं तर ट्रकपर्यंत जावं लागे, आणि वायरी-गाद्यांनी सरळ वाट बंद होती. खोल्यांमधून, बाल्कन्यांवरून, बर्फातून वळसा घालून जायचं, ऐकायचं, तसंच परत यायचं. दोन-चार फेऱ्यांनंतर त्यांनी ऐकायला जाणंच सोडलं. बरं वाजलं असं वाटेपर्यंत वाजवायचं आणि पुढे जायचं. 'मशीन हेड' नावाने निघालेल्या या अल्बमच्या आवाजात जो सैलपणा आणि जोर आहे त्याचं मोठं कारण मला हे दिसतं. कुणी काच लावून तपासत बसलं नाही.

हे जमलं, कारण साहित्यातला काही भाग आधीच तयार होता. 'हायवे स्टार' सप्टेंबरमध्ये पोर्ट्समथला जाणाऱ्या बसमध्ये जन्मलं. एका पत्रकाराने विचारलं की तुम्ही गाणी करता कशी, ब्लॅकमोरने गिटार उचलून एकच सूर खेचायला सुरुवात केली आणि गिलन वर शब्द टाकत गेला. त्याच दौऱ्यात ते स्टेजवर घोटलं गेलं. 'लेझी'ही प्रेक्षकांसमोर घासून गुळगुळीत झालं होतं. हॉटेलच्या बोळात ती गाणी रचायची नव्हती, उतरवायची होती. नवखा, गाणी हातात नसलेला बँड त्या बोळात सापडला असता तर दुसऱ्या आठवड्यात सामान बांधून घरी गेला असता. 'अडचणीतून कला फुलते' म्हणणाऱ्यांनी हा तपशील जरूर मोजावा.

उरलेली जागा

रेकॉर्डिंग ६ ते २१ डिसेंबर चाललं. शेवटाकडे येताना हिशेब लागला की एलपी भरत नाही, आणखी एक गाणं हवं. 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' नावाचं संथ, सुंदर गाणं हाताशी होतं. ते ब्लॅकमोरला पसंत नव्हतं, म्हणून बाहेर राहिलं. (मला विचाराल तर अल्बमवरच्या निदान एका गाण्याच्या जागी ते चाललं असतं.) मग पॅव्हिलियनमधला तो निनावी ट्रॅक आठवला. त्याला शब्द हवे होते. ग्लव्हरचं झोपेतलं नाव पडून होतं. विषय डोळ्यांसमोर घडलेला होता.

गिलन आणि ग्लव्हरने जे लिहिलं तो जवळजवळ पंचनामा आहे. आम्ही माँत्रोला आलो, तळ्याकाठी, फिरत्या ट्रकवर रेकॉर्ड करायला. झॅपाचा कार्यक्रम होता. कुणा मूर्खाने फ्लेअर झाडली. कसिनो जळला. क्लोद आतबाहेर धावत पोरांना बाहेर काढत होता. मग जागेची शोधाशोध. शेवटी ग्रँड हॉटेल, रिकामं, थंड, बाहेर ट्रक, आत लाल दिवे आणि जुन्या गाद्या. माणसांची नावं आहेत, जागांची आहेत, क्रम आहे. प्रेम नाही, विद्रोह नाही, रूपक नाही. त्या काळच्या रॉक गाण्यांमध्ये ड्रॅगन आणि जादूगार मुक्तपणे फिरत असताना हे कोरडं निवेदन वेगळं उठून दिसतं. कोरडेपणा ही त्यांची शैली होती असं म्हणायला आधार नाही. दोघांकडे नटवायला वेळ नव्हता, आणि ते वरदान ठरलं.

माझं म्हणणं इथे येऊन टेकतं. आग लागली नसती तर हे शब्द नसते, हे कबूल. पण आग लागून गेल्यावर दहा-बारा दिवस नाव हातात असूनही गाणं झालंच नव्हतं. ते झालं एलपीच्या एका बाजूवर काही मिनिटं मोकळी उरली तेव्हा. याच अल्बमवरचं 'नेव्हर बिफोर' लोकांना आवडेल अशी बँडला खात्री होती, त्यावर मेहनतही भरपूर घेतली होती. मार्च १९७२ मध्ये अल्बमबरोबर तेच सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी तबकडी, म्हणून काढलं. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत ते ३५ व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. अल्बम मात्र तिथे पहिल्या क्रमांकावर पोचला. भरतीचं गाणं एलपीच्या दुसऱ्या बाजूला पहिलं बसलं होतं, आणि त्याचा सिंगल काढावा असं वर्षभर कुणाला वाटलं नाही.

ते उचललं श्रोत्यांनी. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत मुद्रित झालेल्या 'मेड इन जपान'मध्ये त्याचं स्टेजवरचं रूप आलं. रेडिओवाल्यांनी मागणी लावली. मग १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेत कापून छोटं केलेलं सिंगल निघालं: एका बाजूला स्टुडिओतलं, दुसऱ्या बाजूला जपानमधलं.

कसिनो १९७५ मध्ये पुन्हा उभा राहिला. नव्या इमारतीत माउंटन स्टुडिओज आले. १९७८ मध्ये क्वीन या बँडने तिथे 'जॅझ' अल्बमचं काम केलं आणि पुढच्या वर्षी तो स्टुडिओच विकत घेतला. म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा, फ्रेडी मर्क्युरी म्हणून, डीप पर्पलला ज्या जागी वाजवायला मिळालं नाही त्याच जागी गायला. तळ्याकाठी त्याचा पुतळा आहे. डीप पर्पलच्या गाण्याची खूणही त्याच काठावर आहे, सुरावटीच्या स्वरलिपीसकट. पर्यटकांची गर्दी फ्रेडीकडे जास्त असते. ते स्वाभाविकही आहे.

श्रेयाचं म्हणाल तर कागदावर पाच नावं आहेत. त्या काळात डीप पर्पलमध्ये कुणीही काही सुचवो, गाण्याखाली पाचही जणांची सही असे. त्यामुळे सुरावट ब्लॅकमोरची, नाव ग्लव्हरचं, शब्द दोघांचे, हा वाद कोर्टात जाण्याचं कारण पडलं नाही. नोब्सला गाण्यात एक ओळ मिळाली. दार रेटून धरणाऱ्या पोरांना तीही नाही.

आणि पाच जणांची ती मोट गाणं गाजेपर्यंत टिकली नाही. दौऱ्यांनी सगळे थकले होते, गिलन आणि ब्लॅकमोर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. २९ जून १९७३ ला ओसाकात गिलन आणि ग्लव्हर शेवटचे वाजवून बँडमधून बाहेर पडले. जुलैअखेर सिंगल अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होतं. एप्रिल १९७४ मध्ये कॅलिफोर्निया जॅम या संगीत महोत्सवाच्या अफाट गर्दीसमोर डीप पर्पलने ते वाजवलं, तेव्हा 'आम्ही सगळे माँत्रोला आलो' हे गात होते डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज. त्या डिसेंबरात दोघेही माँत्रोला नव्हते.